सगळं सुधारा

१ ऑगस्ट

सकाळी उपाशीपोटी कार्रुलिमचे, म्हणजे उसाची दारू, सताप आणि लिंबाचे, तीन घोट घेतले. यंदा शेजारणीने सताप जरा जास्तच घातला होता, घसा अजून जळतोय. ऑगस्ट म्हाताऱ्या बायका आणि रोडक्या गाई घेऊन जातो म्हणतात. मी एकाहत्तरची आहे, पण अजून जायला तयार नाही. त्यातून आजपासून काम मिळालंय.

कृषी कार्यालयातली मिर्ना दुपारी येऊन गेली. बाजारातल्या पालेवाल्या बायका तेरेरेच्या थंड काढ्यात आणि मातेच्या गरम काढ्यात घालायला ज्या पाला-मुळ्या विकतात, त्यांची एक पुस्तिका काढायची आहे. कोणता पाला कशावर, किती घ्यायचा, कुणी घेऊ नये. ऑक्टोबरच्या जत्रेआधी छापून दवाखान्यात आणि बाजारात वाटायची. बायका माहिती देणार ग्वारानीत, इथल्या घरोघरच्या बोलीत, शेजारच्या रकान्यात स्पॅनिश मी लिहिणार. "न्या सुनी, तुमच्यासारखं स्पॅनिश या गावात कुणाचं नाही," मिर्ना म्हणाली, आदराचं 'न्या' लावून. खोटं कशाला बोलू, ऐकून बरं वाटलं. निवृत्त झाल्यापासून चौदा वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं.

४ ऑगस्ट

मिर्नाने सगळं समजावलं. फाइल एकच, पण ती इंटरनेटवर असते. मी माझ्या कॉम्प्युटरवरून उघडते, बायका मोबाइलवरून. एकीने लिहिलं की दुसरीला तिथल्या तिथे दिसतं. कुणाला लिहायची परवानगी, कुणाला नुसती बघायची, हे मालक ठरवतो. मालक मी. मिर्नाने माझ्याच नावाने फाइल काढली. "हे लक्ष तुम्हीच ठेवा, मला जरा दगदग नको," म्हणाली. अठ्ठावीस वर्षांच्या पोरीला दगदग नको!

लिहिणाऱ्या बायका सहा. त्यांतली एक लिब्राडा ओवेलार. माझी विद्यार्थिनी. मी बावीस वर्षांची, नोकरी नवी, आणि ती दुसऱ्या बाकावर बसणारी काळीसावळी पोर. चौथीनंतर शाळा सोडली. आईच्या गाळ्यावर बसवलं असणार.

९ ऑगस्ट

माझी बोटं आता अक्षरांवर नीट पडत नाहीत. स्पॅनिशमधली आघातचिन्हं राहून जातात, शब्द दोनदा पडतात. माझ्या नावावर चुकीचं लेखन जाणं म्हणजे लाजच. आज इंटरनेटवर एक जाहिरात दिसली: शुद्धलेखन सुधारणारं एक्स्टेन्शन. ब्राउझरला चिकटून बसतं आणि आपण काय लिहितो ते बघत राहतं. एक कळ दाबली, आलं. कोपऱ्यात छोटं हिरवं बटण दिसतं: 'सगळं सुधारा'. काम संपल्यावर दाबलं की चुका गायब. जणू माझ्या हाताशी माझीच एक तरुण शिक्षिका बसली आहे.

१७ ऑगस्ट

रोज सिएस्ता, दुपारची झोप, झाली की तीन ते सहा काम. उठण्याआधी हिरवं बटण. आज त्याने एका दमात एकसष्ट चुका सुधारल्या. एकसष्ट! मी इतकी चुकते हे आधी ठाऊक नव्हतं. म्हातारपण, दुसरं काय.

आणखी दोन-तीन एक्स्टेन्शनं घेतली. एक हवामान सांगतं, एक अक्षरं मोठी करतं. एक काय करतं ते कळलं नाही, पण चित्र छान आहे.

ग्वारानीचा रकाना मी वाचत नाही. माहिती बायका फोनवर बोलून सांगतात, त्यावरून मी स्पॅनिश लिहिते. ग्वारानी मला येत नाही असं नाही. आईशी आयुष्यभर तीच बोलले, मांजराशी अजूनही तीच बोलते. पण लिहिलेली वाचायची सवय नाही. शाळेत ती कधी फळ्यावर आलीच नाही. येऊ देत नव्हतो.

२६ ऑगस्ट

उत्तरेचा गरम वारा. डोकं भणभणतंय. काम केलं, बटण दाबलं, झोपले.

३ सप्टेंबर

संध्याकाळी मिर्नाचा फोन. "न्या सुनी, कोकूचं कोको कुणी केलं?"

"कसलं कोको?"

"अहो, स्पॅनिशमधला नारळ! यकृताला थंडावा म्हणून कोकूचा पाला तेरेरेत टाकतात ना, तिथे लिहिलंय नारळाचा पाला टाका. आणि पारापाराईचं नुसतं पारा उरलंय, स्पॅनिशमधलं 'साठी'. कापीईकातीचं तर कापितान झालंय. पोट बिघडलं तर कप्तानाची मुळी ठेचून मातेत घाला!" ती हसत होती. मग हसता हसता थांबली, "एक मिनिट हं," म्हणाली आणि फोन ठेवला. परत केला तेव्हा आवाज खोल गेलेला. पोट बिघडलंय म्हणे. परवा आली तेव्हाही तळलेल्या मांडिओकाच्या कंदाच्या वासाने तोंड फिरवून बसली होती. वेळेवर जेवत नाहीत या मुली.

मला मात्र हसू आलं नाही. कुणीतरी फाइल बिघडवतंय.

४ सप्टेंबर

सकाळीच फाइल उघडली. कोकू जागेवर होतं, पारापाराईसुद्धा! मग मिर्नाने दाखवून ठेवल्याप्रमाणे बदलांचा इतिहास काढला. कुणी, कधी, कोणता शब्द बदलला ते तिथे नोंदलेलं असतं. कोकूच्या ओळीवर: लिब्राडा ओवेलार, पहाटे ४.४०. पारापाराई: लिब्राडा, ४.४१. कापीईकाती: लिब्राडा, ४.४३. मागच्या दिवशीही तीच वेळ. त्याच्या मागच्याही. जग झोपलेलं असताना ही बाई आमच्या फाइलमध्ये शिरते.

म्हणजे बिघडवायचं, आणि बोभाटा झाला की गुपचूप जागेवर ठेवायचं. वर्गातही अशी मुलं असायची.

माझ्या नावापुढे रोज पन्नास-साठ बदल दिसतात. ते मी उघडून बघितले नाहीत. स्वतःचं काम काय बघायचं?

९ सप्टेंबर

पाच दिवस वाट बघितली. बदल रोज पहाटे चालूच. शेवटी आज बाजारात गेले. लिब्राडाचा गाळा कोपऱ्यावर. ती लाकडी उखळीत मुळ्या कुटत होती. मला बघून उठली, हात पुसले, स्वतःचं स्टूल पुढे केलं.

"बसा, बाई."

"बसायला आले नाही. फाइलमध्ये काय चाललंय, लिब्राडा?"

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "तेच तर रोज बघतेय मी."

"मग?"

"मग काय, बाई? तुम्ही तुमचं करता, मी माझं करते."

"हे बरं नाही दिसत."

"नाहीच दिसत," ती म्हणाली, आणि पुन्हा कुटायला लागली.

सगळ्या बाजारासमोर! शेजारची चिपावाली, चीजचे पाव विकणारी, कान टवकारून ऐकत होती. पन्नास वर्षं झाली म्हणून शिक्षिकेशी असं बोलायचं?

खरं सांगायचं तर मला तिचं लहानपण थोडंफार आठवतं. वर्गात ग्वारानी बोलायची नाही हा नियम होता, आणि हिच्या तोंडून तीच यायची. वहीतला प्रत्येक ग्वारानी शब्द मी लाल शाईने खोडून वर स्पॅनिश लिहायचे. मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकून बसावं लागायचं मुलांना. मी कधी कुणाला मारलं नाही. मका सगळ्याच शाळांत होता. मनात धरून बसण्यासारखं त्यात काय आहे?

पण तिने धरलं असावं. हा त्याचा सूड.

११ सप्टेंबर

निर्णय घेतला. फाइलमध्ये लिब्राडाच्या नावासमोर 'लिहू शकते' असं होतं, तिथे 'फक्त बघू शकते' केलं. मग बायकांच्या गटावर संदेश टाकला: 'एका सदस्येकडून वारंवार फेरफार झाल्याने तिचा लिहिण्याचा हक्क काढला आहे. सर्वांनी शिस्त पाळावी.' नाव घातलं नाही. पण सहाजणीच तर आहेत.

सहाच्या सुमारास लिब्राडाचं उत्तर आलं. दोन शब्द: 'बरं, बाई.'

ओशाळली असणार. माझ्या हातून घडलेली मुलगी, शेवटी रीत विसरली नाही.

२० सप्टेंबर

फाइल शांत आहे. पहाटेचे बदल बंद. काम झपाट्याने पुढे जातंय, बटणाला आता रोज कमी चुका सापडतात. काल नऊ, आज चार. मीही सुधारतेय म्हणायची!

मिर्ना आठवडाभर कामावर नाही. झोपून असते म्हणे. उन्हं वाढली की अशक्त माणसांचं असंच होतं.

२७ सप्टेंबर

नीट क्रमाने लिहिते.

अकराच्या सुमारास फाटकाबाहेरून, घंटीऐवजी वाजवतात तशा, टाळ्या ऐकू आल्या. मिर्ना. ढगळ सदरा, चेहरा पांढरा, हातात छापलेला कागद. मी तेरेरेची तयारी करायला वळले तर म्हणाली, "राहू द्या, न्या सुनी. आधी हे वाचा. मोठ्याने."

काआरेची नोंद होती. जंतांवर आणि पोटातल्या वाऱ्यावर देतात तो उग्र वासाचा पाला. स्पॅनिशचा माझा रकाना वाचला.

"तो नाही. ग्वारानीचा वाचा."

वाचायला वेळ लागला. अक्षरं ओळखीची, पण डोळे अडखळत होते. शेवटच्या ओळीत होतं: 'पोटुशी असेल तिला: आनीस.' आनीस, म्हणजे आपली बडीशेपच.

"बरं मग?" मी म्हटलं. "गरोदर बाईने बडीशेप घालून घ्यावं."

"मीही तसंच वाचलं," मिर्ना म्हणाली. "तुमच्या रकान्यात त्या ओळीसमोर काहीच नाही, म्हणून मी हा वाचला. आठ दिवस पोटात काही ठरत नव्हतं. दवाखान्यात पुढच्या सोमवारचा नंबर मिळाला. म्हटलं, आपल्याच पुस्तिकेत आहे तर घेऊन बघू. सकाळी लिब्राडाकडे गेले. काआरे द्या आणि आनीस द्या म्हटलं. तिने आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग पोटाकडे. म्हणाली, कितवा?"

"कितवा काय?"

"महिना, न्या सुनी. तिसरा सरलाय."

महिनाभर पोरगीला मळमळत होतं, माझ्या डोळ्यांसमोर.

"लिब्राडाने माझ्या हातातली जुडी हिसकावून घेतली. भर बाजारात ओरडली माझ्यावर. पोटुशीने काआरेला हात लावायचा नाही, पोर जाईल, कुठल्या गाढवाने सांगितलं तुला? मी म्हटलं, फाइलमध्ये तुम्हीच लिहिलंय. तर तिने मोबाइल काढून दाखवला. स्वतः लिहिलेलं तिने आधी तिथे टिपून ठेवलंय. तिने लिहिलं होतं: 'पोटुशी असेल तिला: आनी.'"

आनी. नको. करू नको. आईने चुलीजवळ जाणाऱ्या लेकराला ओरडावं तो शब्द. तो वाचायला मला कुणाची गरज नव्हती.

"तिने नंतर बदललं असेल," मी म्हटलं. हे मी म्हटलं, ते इथे लिहून ठेवते.

मिर्ना कॉम्प्युटरसमोर बसली. इतिहास काढला. त्या ओळीवर १० ऑगस्टपासूनचे सगळे बदल एकाखाली एक. आनीचं आनीस: सुनिल्दा बेनितेस, सायंकाळी ५.५८. आनीसचं आनी: लिब्राडा ओवेलार, पहाटे ४.३५. पुन्हा आनीस: सुनिल्दा, ५.५६. पुन्हा आनी: लिब्राडा, ४.४०. रोज. महिनाभर रोज. शेवटची नोंद ११ सप्टेंबर, सायंकाळी ५.५१, माझी. त्यानंतर परत लिहायला कुणी उरलंच नव्हतं.

"मी त्या रकान्याला हातसुद्धा लावत नाही," मी म्हटलं. "मी फक्त काम करते, आणि उठताना बटण दाबते."

"कसलं बटण?"

दाखवलं.

मिर्नाने ग्वारानीच्या रकान्यात खाली नवीन ओळ लिहिली: कोकू. मग हिरवं बटण दाबलं. डोळ्यांदेखत शब्द एकदा थरथरला आणि कोको झाला.

"याला फक्त स्पॅनिश येतं, न्या सुनी," ती हळूच म्हणाली. "बाकी सगळं याला चूकच वाटतं."

मग तिने ब्राउझरमधली एक्स्टेन्शनची यादी उघडली. अकरा निघाली. माझ्या आठवणीत चार होती. एकेकावर बोट ठेवून विचारत गेली, "हे कशाला?" मला सांगता येईना. एक दुकानांतल्या सवलती शोधत होतं, एक मी काय काय वाचते ते टिपून कुणाला तरी पाठवत होतं. तिने दहा काढली. अकरावं, ते हिरवं, माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "हे तुम्ही काढा."

'काढून टाकायचं? खात्री आहे?' असं त्याने विचारलं. काढलं.

जाताना मिर्ना दारात थांबली. "माझं काही बिघडलं नाही. तुम्ही रडू नका."

मी रडत नव्हते. पण मग रडले.

२८ सप्टेंबर

काही लिहवत नाही.

२९ सप्टेंबर

बाजारात गेले. लिब्राडाने याही वेळी उठून स्टूल पुढे केलं. बसले. वाटेत म्हणत आलेली सगळी वाक्यं विसरले.

"ते मी करत होते, लिब्राडा. सगळे बदल. कॉम्प्युटरमध्ये एक बटण होतं, मला कळलं नाही. तू नीट करत होतीस आणि मी तुलाच बाहेर काढलं. गटावर सगळ्यांना लिहिते आज, तुझं नाव घालून. माझं चुकलं."

"लिहा," ती म्हणाली. पाल्याच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होती, शिंपडतच राहिली.

"पण तू बोलली का नाहीस? महिनाभर रोज पहाटे उठून शब्द परत लिहीत बसलीस. एक फोन करायचास. त्या दिवशी मी इथे आले तेव्हा तरी!"

तिने पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"मला वाटलं तुम्ही मुद्दाम करताय, बाई."

"मुद्दाम? मी मुद्दाम का करीन?"

"शाळेत करायचात तसं. तुम्ही वहीत खोडायचात, मी घरी जाऊन ते पान पुन्हा लिहायचे. माझे शब्द घालून. मला वाटलं, बाई अजून तशाच आहेत. मग मीही तशीच राहिले." मग म्हणाली, "तुम्हाला ठाऊक नव्हतं हे मिर्नाने सांगितलं तेव्हा मला खरं वाटेना."

"आणि चौथीनंतर शाळा..."

"हो," ती म्हणाली. "त्याच्यामुळेच. आई तर पाठवायला तयार होती."

पन्नास वर्षं मी तिच्या आईच्या गाळ्यावर ढकललं होतं ते. तिला गिऱ्हाईक आलं, तिने त्याला जुडी बांधून दिली. मी स्टुलावर बसून होते. माफ केलं असं ती म्हणाली नाही. जा असंही म्हणाली नाही.

३ ऑक्टोबर

गटावर सगळं लिहिलं, शिस्तीच्या गप्पांसकट. मग फाइलची मालकी लिब्राडाच्या नावे केली. 'यानंतर तुम्हाला हे मागे घेता येणार नाही' अशी सूचना आली. नाही घ्यायचं.

दहा मिनिटांत तिचा फोन. "हे काय पाठवलंत? मालकीणबाई झाले म्हणे मी!"

"फाइल तुझी आहे. माझी परवानगी काढायची असेल तर काढ."

"काढू कशाला? स्पॅनिश कोण लिहिणार, माझी मेलेली आजी?" मग आवाज बदलला. "पण फोनवरून ऐकून लिहिणं बंद. पाल्याला हात न लावता पाल्याबद्दल काय लिहिणार? सोमवारी पाचला या. पहाटे पाचला, दुपारी नाही."

८ ऑक्टोबर

मिर्नाची तपासणी झाली, बाळ ठीक आहे. पुस्तिका जत्रेला काही होणार नाही. एकशे चाळीस नोंदी पुन्हा तपासायच्या आहेत. लिब्राडा म्हणते नाताळपर्यंत होईल, मिर्ना म्हणते बाळाआधी तरी होऊ दे.

आज पाचला पोचले. शेतावरून आलेली पोती नुकतीच उतरली होती, पाला दवाने ओला. मी वही काढली.

"लिहू नका अजून," लिब्राडा म्हणाली. "डोळे मिटा." आणि नाकासमोर काहीतरी चुरगळलं. "काय आहे?"

"पुदिना?"

"नाही. हे?"

"हाच तर होता मघाशी."

ती हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "अगं ए," शेजारच्या चिपावालीला हाक मारून ती ओरडली, "ऐकलंस का, बाईंना सेद्रोनचा आणि बुर्रितोचा पाला एकच वाटतो!" पलीकडचे दोन-तीन गाळेही हसले. कुणीतरी म्हणालं, नाक तपासून घ्या, न्या सुनी. मी डोळे मिटलेले, हाताला मुळ्यांची माती लागलेली, सगळा बाजार मला हसतोय.

"पुन्हा दे," मी म्हटलं.

तिने पुन्हा चुरगळलं. चुकले. पुन्हा दिलं, पुन्हा चुकले. ती रागावली नाही, घाईही केली नाही, दर वेळी नवं पान खुडून देत होती. चौथ्या वेळी ओळखलं.

"आता लिहा," ती म्हणाली.